देशांतराचा निर्णय आणि गृहिणीचा संशय : मोबर्ग आणि रोल्व्हाग यांच्या कादंबऱ्यांचा एक विचार

१

एकट्या माणसाचे देशांतर आणि कुटुंबाचे देशांतर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एकटा माणूस परदेशी जातो तेव्हा तो आपले स्वतःचे आयुष्य पणाला लावतो. डाव फसला तर परत येतो, किंवा तेथेच नाहीसा होतो. साहसकथेला आणि प्रवासवर्णनाला लागणारे सारे द्रव्य त्याच्यापाशी असते. परंतु बायकोमुलांसह सारा संसार उचलून समुद्रापलीकडे नेऊ पाहणारा माणूस दुसऱ्यांची आयुष्येही पणाला लावीत असतो. त्यांतील काहींना विचारलेले असते, काहींना नावापुरते विचारलेले असते, आणि काहींना विचारणेच अशक्य असते. कारण ती अद्याप बोलू लागलेली नसतात, क्वचित जन्मालाही आलेली नसतात. साहजिकच अशा निर्णयात संशयाला एक वेगळे स्थान प्राप्त होते. एकट्याच्या बाबतीत संशय हा भित्रेपणा ठरू शकतो. कुटुंबाच्या बाबतीत तो कोणाच्या तरी वतीने उपस्थित केलेला प्रश्न असतो.

युरोपीय वाङ्मयात या प्रश्नाचा सर्वांत विस्तृत आणि गंभीर विचार स्कॅन्डिनेव्हियन कादंबरीने केला आहे, आणि त्याला ऐतिहासिक कारणही आहे. १८५० ते १९३० या ऐंशी वर्षांत स्वीडनमधून १२ लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली, ती बहुतांशी उत्तर अमेरिकेला. नॉर्वेमधून १८२५ साली ‘रेस्टॉरेशन’ हे लहानसे गलबत स्टाव्हांगर बंदरातून निघाले. त्यानंतरच्या शतकभरात सुमारे ८ लाख माणसे त्याच वाटेने गेली. या दोन्ही देशांची तेव्हाची लोकसंख्या लक्षात घेतली म्हणजे हा आकडा केवढा मोठा आहे हे कळून येते. ज्या घरातून कोणी गेले नाही असे घर काही परगण्यांत शोधावे लागे.

या अनुभवातून निर्माण झालेल्या दोन कलाकृती येथे विचारासाठी घेतल्या आहेत. पहिली विल्हेल्म मोबर्ग (१८९८–१९७३) या स्वीडिश कादंबरीकाराची चार खंडांची मालिका : ‘ऊतवान्द्रार्ना’ म्हणजे ‘देश सोडणारे’ (१९४९), ‘इनवान्द्रार्ना’ म्हणजे ‘परदेशी येणारे’ (१९५२), ‘न्यूबिगार्ना’ म्हणजे ‘नवे वसाहतकार’ (१९५६) आणि ‘स्वीडनला शेवटचे पत्र’ अशा अर्थाच्या नावाचा अखेरचा खंड (१९५९). दुसरी ऊले रोल्व्हाग (१८७६–१९३१) या नॉर्वेजियन-अमेरिकन लेखकाची, नॉर्वेमध्ये १९२४ आणि १९२५ साली दोन भागांत प्रसिद्ध झालेली आणि १९२७ मध्ये ‘जायंट्स इन द अर्थ’ या नावाने इंग्रजीत आलेली कादंबरी. दोहोंतही एक उमदा, कष्टाळू शेतकरी आहे. त्याच्यावर प्रेम करणारी, परंतु या साहसाविषयी साशंक असलेली त्याची पत्नी आहे. आणि दोहोंच्या मागून येणारी मुले आहेत.

ज्या कार्ल्सहाम्न बंदरातून मोबर्गची पात्रे निघतात, तेथे १९५९ साली आक्सेल ऊल्सन या शिल्पकाराचा एक पुतळा उभारण्यात आला. त्यात कार्ल ऑस्कर समुद्राकडे पाहतो आहे आणि क्रिस्तीना मागे वळून मायभूमीकडे पाहते आहे. पुतळा सुंदर आहे, आणि या कादंबऱ्यांचे लोकमानसात रूढ झालेले आकलनही त्यात नेमके उतरले आहे : पुरुष भविष्याकडे पाहणारा, स्त्री भूतकाळाकडे पाहणारी, पुरुष म्हणजे आशा, स्त्री म्हणजे हुरहूर. या आकलनात तथ्य नाही असे नाही. तथापि कादंबऱ्यांचा मजकूर बारकाईने पाहिला तर ते अपुरे आहे असे म्हणावे लागते. क्रिस्तीना आणि बेरेट या दोघींचा संशय मुख्यतः पुढे पाहणारा आहे. किंबहुना, या संसारांवर जे सर्वांत मोठे आघात होतात ते संशयापोटी झालेले नाहीत. जेथे संशयाने माघार घेतली आणि त्याची जागा निःशंक श्रद्धेने घेतली, नेमके तेथेच ते झाले आहेत.

२

मोबर्गने देशांतराच्या निर्णयाला जितकी जागा दिली आहे तितकी क्वचितच कोणी दिली असेल. ‘ऊतवान्द्रार्ना’चा पूर्वार्ध स्मोलान्ड प्रांतातील यूडर या परगण्यातच घडतो, पात्रे जहाजावर चढतात ती कादंबरी बरीच पुढे गेल्यावर. कोर्पामूएन हे कार्ल ऑस्करचे शेत दगडांनी भरलेले आहे. त्याचा बाप नील्स धोंडे उपसता उपसता पांगळा झाला आहे. कर्ज, अवर्षण, विजेने पेटलेला चारा आणि वाढती खाणारी तोंडे यांच्या कात्रीत सापडलेला कार्ल ऑस्कर उत्तर अमेरिकेचा विचार मनात आणतो. त्याचा युक्तिवाद शेतकऱ्याचा आहे. जमीन किती, दगड किती, वर्षे किती, हाती काय उरले, असा तो हिशेब करतो. या हिशेबात चूक नाही. पुढे मिनेसोटातील की-ची-सागा सरोवराच्या काठी त्याला जी काळी, खोल, निर्मळ माती मिळते, तिने त्याचा हिशेब खरा ठरतो.

क्रिस्तीना या विचाराला प्रथम नकार देते. तिच्या नकाराचे स्वरूप तपासण्याजोगे आहे. तिला माहेरचे दूवेमोला गाव सोडवत नाही हे खरेच; आईबापांचे तोंड पुन्हा दिसणार नाही याचे दुःख तिला आहेच. परंतु ती पुढे करते ते प्रश्न निराळे आहेत. तान्ही मुले समुद्रावर कशी जगतील? पोहोचल्यावर पहिल्या दिवशी पाय कोठे टेकायचा? ज्या देशाविषयी ऐकीव माहितीपलीकडे काहीच ठाऊक नाही, तेथे सारे बिऱ्हाड नेणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे नव्हे काय? हाही एक हिशेबच आहे. फक्त त्याची परिमाणे निराळी आहेत. कार्ल ऑस्कर एकरांत आणि वर्षांत मोजतो, क्रिस्तीना देहांत मोजते : कोणाचा ताप, कोणाचे दूध, कोणाचे बाळंतपण, कोणाचे प्रेत.

हा पेच मोबर्ग वादविवादाने सोडवीत नाही, आणि येथेच त्याची कलादृष्टी दिसून येते. उपासमारीच्या दिवसांत घरी जवाची लापशी शिजते. थोरली मुलगी आन्ना भुकेपोटी ती बेसुमार खाते आणि त्यातच दगावते. या मृत्यूनंतर क्रिस्तीनेचा विरोध मावळतो. पण तिचे संशय कोणी खोडून काढलेले नाहीत. तिला एवढेच कळले आहे की राहणे हीही एक जोखीम आहे. देशांतराच्या चर्चेत जाण्याचे धोके मोजले जातात आणि राहण्याचे धोके गृहीत धरले जातात. ते नित्याचे असल्यामुळे धोके वाटतच नाहीत. आन्नाच्या मृत्यूने हा पडदा फाटतो. क्रिस्तीना जाते ती सर्व शंका बरोबर घेऊन. त्या तिच्या पेटीतील वस्तूंसारख्याच तिच्याबरोबर जहाजावर चढतात.

तिच्या शेजारी मोबर्गने दुसरे एक पात्र उभे केले आहे. तिचा मामा दान्येल आन्द्रेआसन हा एका धर्मपंथाचा प्रमुख आहे. अधिकृत चर्चच्या छळाला कंटाळून तो निघाला आहे. दान्येल सर्वस्वी निःशंक आहे. खऱ्या श्रद्धावंतांना समुद्र बाधणार नाही, आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाय ठेवताच पवित्र आत्म्याच्या कृपेने आपल्याला तेथील भाषा बोलता येईल, असे तो मानतो. समुद्र त्यालाही आडवा करतो. त्याची पत्नी इंगा-लेना ही त्याच्या श्रद्धेची सावली आहे. ती शंका घेत नाही, विचारीत नाही, आपल्या वाट्याचे अन्नही नवऱ्याला आणि मुलांना देत राहते. आणि ‘शार्लोटा’ जहाजावरच मरण पावते. त्याच जहाजावर क्रिस्तीनाही रक्तस्रावाने मरणाच्या दारी पोहोचते, पण वाचते. दोन बायका, एकच जहाज, एकच आजार : मोबर्ग यावर भाष्य करीत नाही. तथापि ज्या संसारात कोणीच शंका विचारीत नाही, तेथे भार कोणाच्या देहावर पडतो हे इंगा-लेनेच्या मृत्यूने पुरेसे स्पष्ट होते. आपला आध्यात्मिक अहंकार दान्येलच्या लक्षात येतो, पण तो पत्नी गेल्यावर.

३

एप्रिल १८५० मध्ये निघालेले हे लोक न्यूयॉर्कला पोहोचतात तेव्हा उन्हाळा ऐन भरात आलेला असतो. येथून पुढच्या खंडांत क्रिस्तीनेच्या शंका एकेक करून खऱ्या ठरत जातात. नदीच्या प्रवासात पटकीने दान्येलची तान्ही मुलगी जाते. फीना-काइसा ही म्हातारी ज्या मुलाच्या भरवशावर निघाली, त्या आन्डर्स मॉन्सनच्या पत्रांतील भव्य शेतवाडी प्रत्यक्षात एक मोडकळीला आलेली झोपडी निघते. पत्र हे या मालिकेत देशांतराचे खरे चलन आहे. गेलेल्याने आपली फजिती लपवण्यासाठी लिहिलेले पत्र राहिलेल्याच्या हाती पुरावा म्हणून पडते, आणि एका माणसाचा अभिमान दुसऱ्या कुटुंबाचा नकाशा बनतो. कार्ल ऑस्करचा धाकटा भाऊ रोबेर्ट सोन्याच्या शोधात निघून जातो. त्याचा सोबती आर्विद वाटेतच मरतो. रोबेर्ट परततो तो नोटांची थप्पी घेऊन, आणि त्या नोटा कवडीमोलाच्या निघतात.

कार्ल ऑस्कर स्वतः मात्र फसत नाही. तो जमीन निवडतो, घर बांधतो, मग त्याहून मोठे घर बांधतो. हिमवादळात सापडल्यावर तो आपला बैल मारून त्याच्या उबदार पोटात मुलाला ठेवतो आणि त्याचा जीव वाचवतो. मोबर्गने या प्रसंगात या माणसाचे सारे सामर्थ्य आणि त्या सामर्थ्याची किंमत एकत्र आणली आहे : मोठ्या कष्टाने मिळवलेली मालमत्ता पुढच्या पिढीसाठी एका क्षणात कापून काढण्याची त्याची तयारी आहे. मात्र जी किंमत तो स्वतः देऊ शकत नाही ती क्रिस्तीनेच्या खात्यावर पडत राहते. बाळंतपणांमागून बाळंतपणे येतात. माहेराहून मागवलेल्या बियांपासून आस्त्राखान जातीच्या सफरचंदाचे झाड ती दारात वाढवते, पण रात्री डोळे उघडे ठेवून पडून राहते. एका रात्री तिला देवाच्या अस्तित्वाविषयीच शंका येते. भाविक स्त्रीच्या मनातील हा प्रसंग मोबर्गने फार संयमाने रंगवला आहे, आणि मालिकेतील श्रेष्ठ स्थळांत त्याची गणना करावी लागेल.

त्यानंतरची घटना विशेष महत्त्वाची आहे. आणखी एक गर्भारपण तिच्या जिवावर बेतेल असा इशारा डॉक्टर देतो. पतिपत्नी काही काळ दूर राहतात. पुढे क्रिस्तीनेच्या मनात श्रद्धा परत येते. देव आपल्याला सांभाळील असे मानून ती पुन्हा पतीजवळ जाते. १८६२ च्या उन्हाळ्यात, डाकोटा लोकांच्या उठावाने सारा प्रदेश घाबरून पळत असताना, गर्भपातानंतर ती अंथरुणाला खिळते आणि मरते. दारच्या झाडाचे पहिले पिकलेले फळ तिच्या मरणशय्येजवळ येते. या शेवटाचा बहुधा उदात्त समर्पण म्हणून गौरव केला जातो. परंतु कथानकाची वीण पाहिली तर असे दिसते की, जी स्त्री चार खंडभर सर्वांच्या वतीने शंका घेत आली, तिने फक्त स्वतःच्या बाबतीत शंका घेणे थांबवले, आणि तेच तिला भोवले. येथे मोबर्ग किंचित डळमळला आहे. क्रिस्तीनेच्या समाधानाला त्याने इतका सौम्य प्रकाश दिला आहे की वाचकाने हिशेब मिटला असे समजावे. पण तो मिटत नाही, हे पुढच्या पानांवर लेखकालाच दाखवावे लागते. उरलेली अठ्ठावीस वर्षे कार्ल ऑस्कर एकटा जगतो. लंगडत्या पायाचा, यूडर परगण्याच्या नकाशावर बोट फिरवीत जुन्या वाटा चालणारा म्हातारा. मुले मोठी आणि सुस्थितीत आहेत, पण ती इंग्रजीत जगतात. १८९० मध्ये तो मरतो तेव्हा स्वीडनमधील बहिणीला कळवणारे पत्र शेजाऱ्याला लिहावे लागते. कारण बापाच्या भाषेत पत्र लिहील असे त्याच्या मुलांत कोणी उरलेले नाही. ज्यांच्यासाठी देश सोडला त्यांच्याशीच बोलण्याची भाषा राहिली नाही, ही जोखीम कार्ल ऑस्करच्या मूळ हिशेबात कोठेच नव्हती.

४

रोल्व्हागची मांडणी याहून दाट आणि भयाण आहे. तो स्वतः हेल्गेलान्डच्या किनाऱ्यावरील डन्ना बेटावरचा कोळी होता. १८९६ मध्ये अमेरिकेला गेला आणि पुढे मिनेसोटातील सेंट ओलाफ महाविद्यालयात नॉर्वेजियन भाषा व वाङ्मय शिकवू लागला. देशांतर त्याने बाहेरून अभ्यासले नव्हते. ते त्याच्यावर घडले होते. त्याची कादंबरी १८७३ पासूनच्या डाकोटा प्रदेशात घडते. निर्णयाचा भाग येथे नाहीच. कादंबरी उघडते तेव्हा पेर हान्साचे कुटुंब गवताच्या अफाट मैदानात वाट चुकून चाललेले असते. निर्णय मागे पडला आहे. संशय तेवढा बरोबर आला आहे.

पेर हान्सा आणि बेरेट यांच्या मनांसाठी रोल्व्हागने दोन वेगळ्या भाषा योजल्या आहेत. पेर हान्सा परीकथेच्या भाषेत विचार करतो. तो राज्य स्थापन करतो आहे. दुसऱ्या भागाचे नॉर्वेजियन नावच ‘राज्य स्थापन होते’ या अर्थाचे आहे. मातीच्या ढेकळांच्या झोपडीला तो चुना देतो आणि राजवाडा सजवल्याचा आनंद त्याला होतो. बेरेट बायबलच्या भाषेत विचार करते. या मैदानात माणसाला कोठे आडोसाच नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून जाणवते. झाड नाही, टेकडी नाही, कोणाचे थडगे नाही. जेथे आपले कोणी पुरलेले नाही ती जागा घर कशी होईल, हा तिचा न उच्चारलेला प्रश्न आहे. वाटेत मुलाला पुरून पुढे निघावे लागल्यामुळे वेडी झालेली आणि नवऱ्याने गाडीला बांधून ठेवलेली एक आई त्यांच्या दारी येते, तेव्हा बेरेटला आपले भविष्यच समोर उभे राहिलेले दिसते.

बेरेटचा संशय फक्त भीतीचा नाही, तो नैतिकही आहे. दुसऱ्या कोणी आपल्या हक्काच्या म्हणून रोवलेल्या खुणेच्या खुंट्या पेर हान्सा गुपचूप उपटतो, आणि पुढे त्याचे बरोबर होते असे ठरून शेजारी त्याला डोक्यावर घेतात. बेरेट मात्र हादरते. सीमेची खूण हलवणे हे तिच्या धर्मग्रंथात पाप आहे. आणि या देशात पापच पराक्रम म्हणून गाजू लागले तर आपली मुले कोणत्या तराजूने तोलणार, हे तिला कळेनासे होते. नाताळात जन्मलेल्या मुलाचे नाव पेर हान्सा ‘विजयी’ अशा अर्थाचे ठेवतो, तेही तिला उद्धटपणाचे वाटते. टोळधाडीच्या दिवसांत ती दाराला अडसर म्हणून सामान लावते आणि मुलांना घेऊन पूर्वजांच्या जुन्या पेटीत लपते. मायदेशाहून आणलेली ही पेटी कादंबरीभर अर्थ बदलत जाते. आधी ती सामान असते, मग स्मृती, मग लपण्याची जागा; आणि शेवटी फिरत्या धर्मोपदेशकाने झोपडीतच प्रार्थनाविधी केला तेव्हा वेदी.

येथे रोल्व्हागवर एक आक्षेप घ्यावा लागतो. बेरेटच्या मनोविकाराचे मूळ त्याने तिच्या पापभावनेत रुजवले आहे : लग्नाआधी राहिलेला गर्भ, आईबापांच्या मनाविरुद्ध धरलेली पेर हान्साची वाट, आणि त्याची ही शिक्षा असल्याची तिची खात्री. यामुळे व्यक्तिरेखा खोल झाली. पण वाचकाला एक पळवाटही मिळाली. बेरेट आजारी आहे, म्हणून तिचे प्रश्नही आजाराची लक्षणे आहेत, असे म्हणून ते बाजूला सारता येतात. अनेक समीक्षकांनी तिला नव्या भूमीशी जुळवून घेण्यास असमर्थ अशा स्वभावाचा नमुना ठरवले, ते याच वाटेने. वस्तुतः तिचे मन ढळलेले असले तरी तिने विचारलेला एकही प्रश्न वेडाचा नाही. मुलांची भाषा जाईल, धर्म पातळ होईल, शेजाऱ्याशी वागण्याचे जुने माप मोडेल, ही तिची भाकिते रोल्व्हागने पुढच्या दोन कादंबऱ्यांत (१९२८ आणि १९३१) स्वतःच खरी करून दाखवली. तो ‘विजयी’ मुलगा पेडर आईच्या भाषेपासून आणि पंथापासून दूर जातो. आणि याच कादंबऱ्यांत बेरेट स्वतः कर्तबगारीने शेत चालवते, ही गोष्ट असमर्थतेच्या आरोपाला पुरेसे उत्तर आहे.

कादंबरीचा शेवट मात्र या पळवाटेपलीकडे जातो. मित्र हान्स ओल्सा मरणपंथाला लागलेला आहे. धर्मोपदेशकाला आणलेच पाहिजे, नाहीतर त्याच्या आत्म्याचा नाश होईल, असा बेरेटचा आग्रह आहे. बाहेर हिमवादळ आहे. पेर हान्साला जाणे वेडेपणाचे वाटते. तरीही तो जातो. वसंतात त्याचे प्रेत एका गवताच्या गंजीला टेकून बसलेले सापडते, तोंड पश्चिमेकडे. हा प्रसंग बेरेटच्या काळोख्या वृत्तीने घेतलेला बळी म्हणून वाचला जातो. पण नीट पाहिले तर या क्षणी बेरेट संशयी नाहीच. भूमिका उलटल्या आहेत : हवामान, अंतर, आपल्यामागची बायकोमुले यांचा विचार आता पेर हान्सा करतो आहे, आणि काय केलेच पाहिजे याविषयी बेरेटला तिळमात्र शंका नाही. जी बाई आयुष्यभर धोके मोजत आली तिने या एका रात्री मोजणे सोडले. क्रिस्तीनेने श्रद्धेपोटी स्वतःला गमावले. बेरेटने श्रद्धेपोटी नवऱ्याला गमावले. दोन भिन्न प्रकृतीचे लेखक एकाच रचनेशी येऊन पोहोचतात, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

५

या रचनेचे वैशिष्ट्य मराठी वाचकाला अधिक स्पष्ट व्हावे म्हणून आपल्याकडील एका वेगळ्या परंपरेशी तिची तुलना उपयोगी पडेल. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या, आणि त्याच वर्षी पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. निघण्यापूर्वी आनंदीबाईंनी सेरामपूर येथे जाहीर भाषण करून लोकांच्या शंकांना उत्तरे दिली, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असे सांगितले. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीमुळे हा काळ आधुनिक मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा झाला आहे. तेथे संशय समाजाचा आहे आणि तो परतीविषयी आहे : समुद्र ओलांडून आलेल्याला घरात घ्यावे काय, पंक्तीला बसवावे काय? स्कॅन्डिनेव्हियन कादंबरीत संशय घराच्या आतला आहे, पतिपत्नींच्या अंथरुणावरचा आहे, आणि परतणे नाही हे त्यात गृहीतच आहे. समाजाच्या शंकेला भाषणाने उत्तर देता येते. अंथरुणावरच्या शंकेला उत्तर देता येत नाही; तिच्यासह जगावे लागते.

आणखी एक दुवा आहे. लग्न होऊन सासरी जाणारी स्त्री एकदा घर सोडून आलेलीच असते. जात्यावरच्या ओव्यांत माहेर जितक्या वेळा येते तितके क्वचितच दुसरे काही येत असेल. कारण एक घर तुटून दुसरे घर आपले होईपर्यंत काय काय जाते हे तिने अनुभवलेले असते. पुरुषाला देशांतर हा आयुष्यातील पहिला उखाड असतो, म्हणून तो त्याला साहस म्हणू शकतो. स्त्रीचा तो दुसरा उखाड असतो. क्रिस्तीना आणि बेरेट यांच्या संशयात हे पूर्वज्ञान आहे, आणि म्हणूनच ते अधिक विश्वसनीय आहे.

या कादंबऱ्यांत आणखी एक हिशेब आहे, आणि तो दोन्ही नायकांच्या नजरेतून सुटतो. कार्ल ऑस्करची सुपीक जमीन रिकामी नव्हती. पेर हान्साचे मैदानही नव्हते. पेर हान्साच्या झोपडीजवळच्या टेकाडावर एक इंडियन थडगे आहे. बेरेटला जी भूमी थडग्यावाचून वाटते, तीत दुसऱ्यांचे पूर्वज पुरलेले आहेत. मोबर्गने शेवटच्या खंडात १८६२ च्या उठावामागची उपासमार आणि बुडवलेले कराराचे पैसे यांना जागा दिली आहे. २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅन्केटो येथे ३८ डाकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले, हा इतिहास आहे. कुटुंबासह स्थिर होण्याच्या या महाकाव्याखाली दुसऱ्या कुटुंबांचे सक्तीचे देशांतर दडलेले आहे. सीमेच्या खुंट्यांविषयी बेरेटला वाटलेली अस्वस्थता या संदर्भात वाचली म्हणजे तिची व्याप्ती तिच्या स्वतःच्या आकलनापेक्षाही मोठी होते.

दोन कलाकृतींची तुलना करता असे म्हणता येईल की, संशयाचा व्यवहार मोबर्गने अधिक पूर्णपणे दाखवला आणि संशयाची वेदना रोल्व्हागने अधिक खोलवर नेली. मोबर्गच्या मालिकेत ऐतिहासिक तपशिलाचा भार काही ठिकाणी कथेला जड होतो. तो १९४८ मध्ये अमेरिकेला गेला, मिनेसोटातील आंद्रू पीटरसन या स्वीडिश शेतकऱ्याच्या दैनंदिन्या त्याने अभ्यासल्या, आणि त्या अभ्यासाची नोंदवही अधूनमधून उघडी पडते. परंतु याच तपशिलामुळे क्रिस्तीनेच्या शंका भावुकतेपासून वाचल्या आहेत. प्रत्येकीला बाजारभाव, आजार, तारीख आहे. रोल्व्हागची कादंबरी एकसंध आणि तीव्र आहे, मात्र बेरेटच्या पापभावनेमुळे तिच्या प्रश्नांचे सार्वत्रिकत्व काही काळ झाकले जाते.

दोघांनीही एक मोह टाळला आहे, आणि त्यातच त्यांचे मोठेपण आहे. गेले ते बरे झाले की वाईट, असा निवाडा कोणीही दिलेला नाही. कार्ल ऑस्करने देश सोडला नसता तर क्रिस्तीना कदाचित कोर्पामूएनच्या दगडांतच, याहून लवकर, मेली असती. गेल्यामुळे तिची मुले पोटभर जेवली. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांची वजाबाकी करून एक उत्तर काढता येत नाही. कारण लाभ एकाला झाला आणि किंमत दुसऱ्याने दिली. कुटुंब हा हिशेबाचा एकच घटक मानला म्हणजे ही विषमता दिसत नाही. घराचे भले झाले, असे म्हटले की घरातील कोणाचे काय झाले हा प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. क्रिस्तीना आणि बेरेट यांचा संशय नेमका हा प्रश्न मिटू देत नाही.

जहाजांची जागा विमानांनी घेतली, पत्र पोहोचण्यास महिने लागत तेथे आवाज क्षणात पोहोचू लागला, आणि परत येणे शक्य कोटीत आले. तरी कुटुंबासह देश सोडणाऱ्याच्या घरातील हा संवाद फारसा बदललेला नाही. मुलांचे भविष्य हा कार्ल ऑस्करचा मुद्दा आजही निर्णायक ठरतो, आणि ती मुले पुढे कोणत्या भाषेत आपल्याशी बोलतील हा बेरेटचा प्रश्न आजही उशिरा विचारला जातो. या कादंबऱ्या जाऊ नका असे सांगत नाहीत. निर्णय घेताना घरात जो माणूस शंका घेतो आहे त्याला भित्रा, मागे पाहणारा किंवा आजारी ठरवून गप्प करू नये, एवढे मात्र त्यांच्या वाचनातून निश्चित हाती लागते. कार्ल्सहाम्नच्या पुतळ्यातील क्रिस्तीना मागे पाहते आहे. मोबर्गच्या पानांवरील क्रिस्तीना बंदर सुटण्याआधीच पुढची बारा वर्षे पाहून चुकली होती.